ग्रोथ चेंबर मिळत नाही, म्हणून विषय बदलू का?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळून): मराठवाड्यातल्या एका कृषी महाविद्यालयात पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीचं हे पत्र. विषय हरभऱ्याचा आहे. फुलोऱ्यात उन्हाचा तडाखा बसला की घाटे का धरत नाहीत आणि कोणते वाण त्यात टिकतात, हे तिला शोधायचंय. सगळे प्रयोग ग्रोथ चेंबरमध्ये (तापमान, उजेड आणि आर्द्रता हवी तशी राखणारा बंद कक्ष) करणार असं सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, लिहिलं गेलंय. विभागातलं चेंबर कॉम्प्रेसर गेल्यापासून बंद आहे आणि दुरुस्तीची फाईल हलत नाही. बाहेरच्या दोन संस्थांना तिने मेल केले. एकीकडून उत्तरच नाही. दुसरीकडून दरपत्रक आलं, पण पूर्ण हंगामाचा हिशेब करून ती हबकली. गाईड विषय बदलायला सांगतात. परदेशात गेलेली सीनियर म्हणते, चेंबरशिवायचा डेटा कोणतंही चांगलं जर्नल घेत नाही. भाऊ कर्ज काढून छोटं चेंबर घेऊन द्यायला तयार आहे. "मोठ्या संस्थांत ओळखीशिवाय दार उघडत नाही असं सगळेच म्हणतात. मॅडम, मी विषय बदलू, थांबू, की भावाचं ऐकू?"

---

भावाला आजच फोन कर आणि कर्ज काढू नकोस म्हणून सांग. बाकीच्या गोष्टींवर आपण सावकाश बोलू, पण ही गोष्ट थांबायला नको.

त्याची माया मला कळते. पण चेंबरची खरी किंमत ते विकत घेतल्यानंतर सुरू होते. वीज चोवीस तास लागते. पुरवठा गेला की काही मिनिटांत आतलं तापमान सरकायला लागतं, म्हणजे जनरेटर आला. आर्द्रता देणाऱ्या यंत्राला क्षारविरहित पाणी लागतं, कॉम्प्रेसरला दरवर्षी देखभालीचा करार लागतो, दिव्यांचा उजेड हळूहळू मंदावतो म्हणून तो मोजत राहावा लागतो. तुझ्या विभागातलं चेंबर बंद पडलं तेही याच खर्चाच्या टप्प्यावर. हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. वनस्पतींसाठी नियंत्रित हवामानाची पहिली मोठी प्रयोगशाळा कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत फ्रिट्स वेंट यांनी १९४९ साली उभी केली. तिचं अनुकरण करून फ्रान्स, ऑस्ट्रेलिया आणि इतरत्र अशा प्रयोगशाळा, म्हणजे फायटोट्रॉन, उभ्या राहिल्या. ती मूळ इमारत मात्र १९७२ साली पाडून टाकली. जगभर नावाजलेल्या संस्थेलाही असा डोलारा कायम सांभाळता येत नाही. तुमच्या घराने तो अंगावर घेऊ नये.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. "चेंबर मिळत नाही" हे त्यात अनेकदा आलंय, पण चेंबरने तुझ्यासाठी नेमकं काय करायचं आहे, हे एकदाही आलेलं नाही. माझ्या मते तुझी अडचण इथे अडकलीय. संस्थांचं मौन, दरपत्रकातला आकडा, गाईडचा सल्ला, हे सगळं त्या न लिहिलेल्या वाक्यातून आलंय.

आपण ते वाक्य लिहून पाहू. हरभऱ्याला फुलोऱ्यात उष्णता सोसायला लावायची, तर शेतात सर्वांत सोपा मार्ग म्हणजे उशिरा पेरणी. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत हेच करत आले आहेत. फेब्रुवारीत पेरायचं, पाणी द्यायचं, म्हणजे फुलोरा आणि घाटे भरण्याचा काळ पस्तीस अंशांच्या वर जातो. अशा पेरणीत शेकडो वाण एका वेळी तपासता येतात. आयसीसीव्ही ९२९४४ हा तिथला वाण आपल्याकडे जेजी १४ म्हणून प्रसारित झाला आणि उष्णता सोसणारा म्हणून ओळखला जातो. तेव्हा चेंबरशिवायचा डेटा कोणतंही चांगलं जर्नल घेत नाही, हे तुझ्या सीनियरचं म्हणणं हरभऱ्याच्या बाबतीत तरी खरं नाही. या पिकातलं उष्णतेचं बरंच मोलाचं काम उघड्या रानात झालंय.

मग चेंबर हवंच कशाला? कारण उशिरा पेरणीत उष्णता एकटी येत नाही. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांच्या आसपास असतो, मार्चअखेर तो बारा तासांच्या पुढे जातो. हरभरा मोठ्या दिवसाचं पीक आहे, दिवस वाढला की तो लवकर फुलावर येतो. शिवाय मार्चची हवा कोरडी, वारा तापलेला, जमिनीची ओल झपाट्याने उडणारी. घाटे कमी धरले, तर दोष उष्णतेचा, पाण्याचा, की झाड लहान असतानाच फुलल्याचा, हे शेतातला डेटा एकट्याने सांगू शकत नाही. हा गुंता सोडवणं हे चेंबरचं काम. दिवसाची लांबी आणि पाणी तेच ठेवून फक्त तापमान बदललं तर काय होतं, एवढंच त्याला विचारायचं.

हे एकदा मान्य केलंस की पुढचा प्रश्न आपोआप येतो: झाडाच्या आयुष्यातल्या कोणत्या दिवसांसाठी? पेरणीपासून काढणीपर्यंत शंभर-एकशेदहा दिवस चेंबर अडवून बसायची गरज नाही. हरभऱ्यात उष्णतेचा सगळ्यात मोठा घाव परागकणांवर बसतो. बीजांडकोश आणि कुक्षी, म्हणजे फुलातले मादी भाग, त्यामानाने तग धरतात. परागकण फूल उमलण्याच्या काही दिवस आधीपासून घडत असतात, म्हणून झाडं कळी दिसू लागली की आत न्यायची आणि फुलोऱ्याचा पहिला बहर ओसरला की बाहेर आणायची. दोन-अडीच आठवडे पुरतात. त्याआधीची वाढ नेटहाऊसमध्ये (जाळीच्या शेडमध्ये), त्यानंतरचे घाटे भरणंही नेटहाऊसमध्ये. दरपत्रकातला जो आकडा बघून तू हबकलीस, तो पूर्ण हंगामाचा होता. आता तो पुन्हा मांडून बघ.

झाडं आत नेताना एकदम पस्तीस-छत्तीस अंशांत ढकलू नकोस. रोज दोन-तीन अंशांनी चढव, नाहीतर तू धक्का मोजशील आणि त्याला सहनशक्ती म्हणशील. दिवस-रात्रीचं तापमान वेगळं ठेव. हरभरा एकदम फुलत नाही, फुलत जातो. म्हणून रोज उमलणाऱ्या फुलांना तारखेनुसार वेगळ्या रंगाचा दोरा बांध. नंतर कोणत्या दिवसाचं फूल गळलं आणि कोणत्याचा घाटा झाला, ते या दोऱ्यांवरूनच कळेल. तुलनेसाठी माहितीतले वाण घे. आयसीसी १२०५ आणि आयसीसी १५६१४ उष्णता सोसणारे, आयसीसी ४५६७ आणि आयसीसी १०६८५ नाजूक, असं आधीच्या कामात दिसलंय. त्यांच्याबरोबर विजय, दिग्विजय, जाकी ९२१८ असे आपल्या रानातले वाण ठेवलेस, तर तुझ्या प्रबंधाला इथल्या शेतकऱ्याच्या लेखीही काही अर्थ राहील.

तुझ्या प्रश्नाचा मोठा भाग तर चेंबरच्या बाहेरच सुटतो. तुझ्या महाविद्यालयात बीओडी इन्क्युबेटर (ठरवलेलं तापमान राखणारं कपाट) आणि सूक्ष्मदर्शक नक्की असतील. सकाळी, फूल पूर्ण उमलण्याआधी परागकण गोळा कर (हरभऱ्यात ते उमलण्याआधीच बाहेर पडलेले असतात), साखर, बोरिक आम्ल आणि कॅल्शियम नायट्रेटच्या माध्यमावर वेगवेगळ्या तापमानाला रुजव आणि नलिका मोज. उशिरा पेरलेल्या झाडांचे परागकण वेळेवर पेरलेल्या झाडांच्या फुलांवर टाक, आणि उलटही कर. दोष नराचा की मादीचा हे त्यातून उघड होतं. हाताने केलेल्या परागीभवनात हरभरा फार कमी घाटे धरतो, म्हणून घाट्यांवर भिस्त ठेवू नकोस. अ‍ॅनिलीन ब्लूने रंगवून परागनलिका कुठपर्यंत पोचली ते बघ. फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक जवळच्या एखाद्या विज्ञान महाविद्यालयात किंवा विद्यापीठात मिळेल. शेतात तीन तारखांना पेरणी, झाडाच्या उंचीवर सावलीच्या टोपीखाली लावलेला, तापमान आपोआप नोंदवणारा एक साधा डेटा लॉगर आणि हे परागकणांचं काम, एवढ्यावर एक पूर्ण प्रकरण उभं राहतं. हे सगळं येत्या रब्बीत, बाहेरच्या कोणत्याही संस्थेच्या परवानगीची वाट न पाहता सुरू होऊ शकतं. आणि चेंबरसाठी अर्ज करताना हाताशी हा डेटा असला, तर समोरचा तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

चेंबरमधला आकडा अंतिम सत्य असतो हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलाय, म्हणून चेंबरबद्दलही थोडं सांगते.

भर दुपारच्या उन्हात झाडाला प्रकाशसंश्लेषणाच्या मापात २००० मायक्रोमोलच्या आसपास उजेड मिळतो. बऱ्याच चेंबरमध्ये तो काहीशेच असतो. कमी उजेडात हरभरा शेलाटतो, फुलं गाळतो, आणि ती गळ उष्णतेच्या खात्यावर जमा होते. कुंडीचंही तसंच. जर्मनीतल्या युलिश संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली अनेक प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला, तेव्हा कुंडीचं आकारमान दुप्पट केल्यावर झाडाचं वजन सरासरी ४३ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. दर लिटर कुंडीमागे झाडाचं कोरडं वजन एक ग्रॅमच्या वर जाऊ नये, असा त्यांचा सल्ला आहे. चेंबरमध्ये जागा वाचवायला आपण छोट्या कुंड्या भरतो आणि मुळांची कोंडी करतो. जागेच्या मोहात कुंडी लहान करू नकोस. वाण कमी कर.

तिसरी गोष्ट हवेच्या कोरडेपणाची. प्रबंधांत ती सर्रास सुटते आणि परीक्षक तिथेच बोट ठेवतात. दोन्ही चेंबरमध्ये आर्द्रता ६० टक्के ठेवली, म्हणजे हवा सारखी झाली असं वाटतं. तसं नसतं. २५ अंशांना ६० टक्के आर्द्रता असेल तर हवेची पाणी ओढण्याची ताकद, म्हणजे व्हीपीडी, सुमारे १.२७ किलोपास्कल असते. ३५ अंशांना त्याच ६० टक्क्यांवर ती २.२५ होते. म्हणजे तू उष्णतेसोबत जवळजवळ दुप्पट कोरडी हवाही दिलीस, आणि ज्या गुंत्यासाठी शेत सोडलंस तोच चेंबरमध्ये घेऊन आलीस. ३५ अंशांना आर्द्रता ७७ टक्क्यांपर्यंत नेली तर व्हीपीडी सारखी राहते. ते यंत्र इतकी आर्द्रता देऊ शकतं का, हे अर्ज करण्याआधीच विचार. देऊ शकत नसेल तर निदान दोन्हीकडची व्हीपीडी मोजून लिही.

आणि पुनरावृत्ती. एक चेंबर ३५ अंशांचं, दुसरं २५ अंशांचं, प्रत्येकात चोवीस कुंड्या. याला चोवीस पुनरावृत्त्या म्हणता येत नाही. तापमान चेंबरला दिलंय, कुंडीला नाही, म्हणून पुनरावृत्ती एकच झाली. उपाय असा, की प्रयोग दोनदा करायचा आणि दुसऱ्या वेळी चेंबरची तापमानं अदलाबदल करायची. आतल्या आत दर दोन-तीन दिवसांनी कुंड्यांच्या जागाही फिरवायच्या, कारण पंख्याजवळचा आणि दाराजवळचा कोपरा कधीच सारखा नसतो. चेंबर मागताना दोन फेऱ्या धरूनच माग.

आता ओळखीचं. ओळखीचा उपयोग होतच नाही असं मी म्हणणार नाही, आपण सगळे याच देशात राहतो. पण सुविधा सांभाळणाऱ्या शास्त्रज्ञाच्या जागी बसून तुझा पहिला मेल वाचून बघ. तू तो मला जोडून पाठवला आहेस: "माझ्या संशोधनासाठी आपल्याकडील ग्रोथ चेंबर उपलब्ध होऊ शकेल का?" किती झाडं, किती दिवस, कोणतं तापमान, पाणी कोण घालणार, झाडं जनुकसंक्रमित आहेत का, पैसे कुठून येणार, यातलं काहीच त्यात नाही. अशा मेलला उत्तर द्यायचं म्हणजे वाचणाऱ्याने स्वतःच दहा प्रश्न लिहून पाठवायचे. कामाच्या गर्दीत तो मेल मागे पडतो. त्याला मी नकार धरणार नाही.

इंग्रजीत लिहिशील, पण मजकूर साधारण असा असू दे: "हरभऱ्याचे सहा वाण, प्रत्येकी चार कुंड्या, दोन तापमानं, एकूण ४८ कुंड्या. झाडं आमच्याकडे कळीच्या अवस्थेपर्यंत वाढवून आणू. दोन चेंबर, प्रत्येकी सतरा दिवस, अदलाबदलीसह दोन फेऱ्या. दिवसा ३६ आणि २६ अंश, रात्री २२ आणि १८, उजेड बारा तास, आर्द्रता व्हीपीडी जुळेल अशी. झाडं जनुकसंक्रमित नाहीत. कुंडीतलं माध्यम निर्जंतुक केलेलं असेल. पाणी आणि नोंदी मी स्वतः तिथे राहून करीन. शुल्क शिष्यवृत्तीच्या आकस्मिक निधीतून. तारखा पुढच्या बारा महिन्यांत आपल्या सोयीने." सोबत कुंडीचा व्यास, झाडाची उंची आणि शेतातल्या डेट्याचा एक आलेख जोड. गाईडची सही आणि विभागप्रमुखांमार्फत आलेलं पत्रही हवंच. संस्था विद्यार्थ्याशी नव्हे, संस्थेशी करार करतात.

त्या मजकुरातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. तू नोव्हेंबर ते फेब्रुवारी अशाच तारखा मागितल्या होत्यास, कारण हरभरा रब्बीचा. पण चेंबरला रब्बी-खरीप नसतं. ऑगस्टमध्ये वरून प्लॅस्टिक आणि बाजूंनी मोकळ्या शेडमध्ये कुंड्या वाढवून सप्टेंबरमध्ये आत नेता येतात. पावसाळी दमटपणात मर आणि मूळकूज यांवर नजर ठेवावी लागेल, बी प्रक्रिया चुकवून चालणार नाही. पण तारखा मोकळ्या ठेवणाऱ्याला रिकामी जागा मिळण्याची शक्यता कितीतरी वाढते.

कुठे मागायचं? सर्वांत आधी बारामतीजवळ माळेगावला. तिथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था २००९ पासून आहे. उष्णता, दुष्काळ, क्षार हाच तिचा विषय, आणि झाडांची प्रतिमांवरून मोजणी करणारी फिनोमिक्स सुविधाही तिथे आहे. तुझ्या विद्यापीठाशी सहकार्य करणं तिच्या कामातच बसतं, आणि कुंड्या टेम्पोत घालून नेता येतील इतक्या अंतरावर ती आहे. लातूर-नांदेडकडच्यांना मात्र हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ पडतं. तिथे कोरडवाहू शेतीची केंद्रीय संस्था क्रीडा आहे. तिच्याकडे तापमान आणि कार्बन डायऑक्साइड पायरीपायरीने वाढवता येतील असे बोगदेवजा कक्ष आहेत, शिवाय उघड्या शेतात पिकाचं तापमान वाढवणारी व्यवस्थाही आहे. तुझ्या विषयाला हे बंद चेंबरपेक्षाही जास्त जुळेल असं मला वाटतं, कारण उजेड खऱ्या सूर्याचा मिळतो. इक्रिसॅट विद्यार्थ्यांना ठरावीक मुदतीसाठी घेतं, आणि हरभऱ्याचं ज्ञान तिथल्याइतकं फार थोड्या ठिकाणी असेल. दिल्लीला पुसा संस्थेत राष्ट्रीय फायटोट्रॉन १९९७ पासून आहे, आणि २०१७ साली सुरू झालेलं नानाजी देशमुख फिनोमिक्स केंद्रही आहे. दिल्लीला जायचं तर कुंड्या नेण्याचा विचार सोड, झाडं तिथेच वाढवावी लागतील, म्हणजे मुक्काम लांबणार. माझ्या मते तुझ्यासाठी दिल्ली तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर यायला हवी. तू मात्र सुरुवात तिथून केलीस, नाव मोठं म्हणून.

आय-स्टेम हे केंद्र सरकारचं पोर्टल जानेवारी २०२० मध्ये सुरू झालं. सार्वजनिक पैशातून घेतलेली उपकरणं कोणत्या संस्थेत आहेत ते त्यावर शोधता येतं आणि वापरासाठी विनंतीही नोंदवता येते. त्यात ग्रोथ चेंबर शोध. कृषी संस्थांपुरतीच नजर ठेवू नकोस. वनस्पतिशास्त्राचे विभाग, जैवतंत्रज्ञानाची केंद्रं यांच्याकडेही चेंबर असतात. यादीत दिसणारं यंत्र चालू आहे का, हे फोन करून तिथल्या टेक्निशियनला विचार. शास्त्रज्ञाच्या आधी त्याच्याशी बोललेलं बरं. कोणतं चेंबर रात्री तापमान राखत नाही आणि कोणत्याचे दिवे अर्धे गेलेत, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. कुंड्या ठेवण्याआधी रिकामं चेंबर तीन दिवस तुझ्या तापमानावर चालवून, आत स्वतःचा लॉगर ठेवून बघू द्या अशी विनंती कर. पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नकोस.

जाण्याआधी काही गोष्टी कागदावर आण. शुल्क भरून जागा घेतली तर तो व्यवहार आहे, सहलेखकत्व आपोआप लागू होत नाही. तिथल्या शास्त्रज्ञाने प्रयोगाची आखणी सुधारली, विश्लेषणात हात दिला, तर त्यांचं नाव शोधनिबंधावर यायलाच हवं. हे आधीच बोलून घेतलं तर नंतर कुणाचंच मन दुखावत नाही. जननद्रव्य, म्हणजे जतन केलेल्या वाणांचं बी, एनबीपीजीआर (राष्ट्रीय वनस्पती जननद्रव्य संस्था) किंवा इक्रिसॅटकडून घेतलंस तर त्याचा हस्तांतरण करार असतो. तो वाच, कारण बी तिसऱ्या संस्थेत नेताना त्यातल्या अटी लागू होतात. एनबीपीजीआरचं प्रादेशिक केंद्र अकोल्यालाच आहे, तिथे विचारणा सोपी. शेतातली माती चेंबरमध्ये सहसा चालू देत नाहीत. कुंड्यांवरून कोळी, फुलकिडे, पांढरी माशी आत शिरली तर शेजारच्या संशोधकाचं वर्ष वाया जातं, म्हणून नेण्याआधी आठवडाभर झाडं भिंगाखाली तपास. राहण्याची सोय, रात्री उशिरा प्रयोगशाळेत जाण्यायेण्याची सोय, सुट्टीच्या दिवशी प्रवेश, हे विचारायला संकोचू नकोस. रविवारी कुलूप लागलं आणि झाडांना पाणी मिळालं नाही, तर सगळी मेहनत त्या एका दिवशी जाते.

पैशांबाबत: सारथी, बार्टी, महाज्योती किंवा केंद्राची कोणतीही शिष्यवृत्ती असेल तर आकस्मिक खर्चात सुविधा-शुल्क बसतं का, हे कार्यालयाकडून लेखी घे. बसत नसेल तर गाईडच्या एखाद्या चालू प्रकल्पातून ते देता येईल का ते बघ.

अशीच पत्रं आणखीही येतात, पण त्यांतला बहुतेकांचा प्रश्न थोडा वेगळा असतो. वाण लवकर तयार व्हावा म्हणून त्यांना वर्षाला अनेक पिढ्या घ्यायच्या असतात. त्यांच्यासाठी दोन शब्द. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठातल्या आणि इंग्लंडच्या जॉन इन्स सेंटरमधल्या संशोधकांनी २०१८ साली स्पीड ब्रीडिंगची पद्धत सविस्तर प्रसिद्ध केली. बावीस तास उजेड देऊन गहू, बार्ली, हरभरा यांच्या वर्षाला सहा पिढ्यांपर्यंत जाता येतं. टेबलावर मावणाऱ्या स्वस्त कपाटाचा आराखडाही त्यांनी दिला आहे. इक्रिसॅटने तर साध्या काचघरात बल्बांनी दिवस लांबवून आणि न पिकलेले दाणेच रुजवून लवकर येणाऱ्या हरभऱ्याच्या वर्षाला सात पिढ्या घेतल्या. पण ही युक्ती मोठ्या दिवसाच्या पिकांची. सोयाबीन, तूर, भात, रब्बी ज्वारी ही लहान दिवसाची पिकं. त्यांना बावीस तास उजेड दिलात तर ती पाला वाढवत बसतील, फुलणार नाहीत. त्यांना दहा-बारा तासांचा दिवस आणि निवडक रंगांचा उजेड लागतो. स्वतः खोली बांधण्याआधी मोहालीच्या नाबी या कृषी-जैवतंत्रज्ञान संस्थेत २०२४ साली सुरू झालेली राष्ट्रीय स्पीड ब्रीडिंग सुविधा आणि इक्रिसॅट, दोन्हीकडे विचारून बघा. गव्हाचे पैदासकार कितीतरी वर्षं निलगिरीतल्या वेलिंग्टनला आणि लाहौलमधल्या दलंग मैदानाला बिगरहंगामी पिढी घेत आले आहेत, तोही मार्ग आहे. आणि जे शेतकरी स्वतः निवड पद्धतीने वाण जपतात, त्यांना चेंबरची मुळीच गरज नाही. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणी होते, त्यासाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा.

आता तुझ्या गाईडकडे. "विषय बदल" असं ते म्हणाले याचा तुला राग आलाय, ते पत्रात दिसतं. मला त्यात काळजी दिसते. बंद यंत्रावर अवलंबून असलेला सिनॉप्सिस आणि संपत चाललेली मुदत त्यांना दिसतेय, मधला मार्ग कुणी त्यांच्यापुढे ठेवलेला नाही. तो तू ठेव. विषय तोच, उद्दिष्टंही तीच, बदल फक्त पद्धतीत: पहिलं उद्दिष्ट तीन पेरणी-तारखांनी शेतात, दुसरं परागकणांवर प्रयोगशाळेत, तिसरं दोन फेऱ्यांत चेंबरमध्ये, जिथे मिळेल तिथे. तिसऱ्याला पर्याय म्हणून, चेंबर शेवटपर्यंत मिळालंच नाही तर नेटहाऊसमध्ये पारदर्शक प्लॅस्टिकच्या, वरून उघड्या कक्षांत तापमान वाढवून केलेला प्रयोग, असंही लिही. तिथे तापमान हवं तेवढंच राहणार नाही, म्हणून ते दर दहा मिनिटांनी नोंदवणार हेही त्यातच येऊ दे. पद्धतीतला असा बदल अ‍ॅडव्हायझरी कमिटीसमोर मांडायचा असतो. एका पानात मांड, सोबत वेळापत्रक दे.

पेरणीची पहिली तारीख ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात येते. कमिटीची बैठक त्याआधी लागायला हवी, म्हणून अर्ज याच आठवड्यात दे. विभागातल्या बंद चेंबरच्या दुरुस्तीचा पाठपुरावा तू करत बसू नकोस, ते काम विभागप्रमुखांचं. त्याला गारवा राखता येत नसला तरी आतले दिवे लागत असतील, तर परागकणांच्या कामासाठी नाजूक वाणांची चार झाडं त्यात ठेवता येतात का, एवढं मात्र उद्या जाऊन बघ.